राऊतांच्या फियाटचे ब्रेक

वसईकडच्या नंदाखालच्या त्या आळीत लग्न ठरलं की तारीख आधी शंकर राऊतला कळवायची. भटजी नाहीतर फादर त्याच्यानंतर. कारण नवरी घरातून निघायची ती शंकरच्या फियाटमधून, मग ती मांडवात जाणारी असो की चर्चमध्ये. आळीत हिंदू घरं होती तशी ख्रिस्ती घरंही होती. दोघांच्या वाड्यांत केळी-नारळ सारखेच, आणि दोघांच्याही मुली त्या एकाच गाडीतून सासरी गेलेल्या. बसण्याआधी नवरीनं खिडकीतून हात घालून स्वतः हॉर्न वाजवायचा, अशीही एक रीत पडून गेली होती. ती पाडली शंकरच्या बहिणीनं. तिला त्या दिवशी रडू आवरेना आणि चारचौघांत रडायचं तर नव्हतं, म्हणून तिनं हॉर्नच दाबून धरला. तेव्हापासून तो भोंगा ऐकला की आळीतल्या बायका चुलीवरचं उतरवून ओट्यावर यायच्या.

गाडी छप्पन सालची. गोल पाठीची, दुधी रंगाची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारी. अशा गाडीला सगळी मुंबई डुक्कर फियाट म्हणते, पण शंकरसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. एकदा एका पाहुण्यानं जेवता जेवता "काय, डुक्कर कशी पळते?" असं विचारलं, तर शंकरनं त्याला दुसऱ्यांदा भात वाढू दिला नाही. शेवटी द्वारकानंच तो गुपचूप वाढला.

द्वारका म्हणजे शंकरची बायको. घरातलं जे काही गुपचूप व्हायचं ते तिच्या हातून व्हायचं.

शंकरचे वडील, ज्यांना सगळी आळी अण्णा म्हणायची, सुकेळ्यांचा धंदा करायचे. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, पानात बांधायची आणि मुंबईला पाठवायची. दादरच्या एका पारशी शेठला त्या सुकेळ्यांची भारी आवड. शेठ थकला, मुलं परदेशात जाऊन बसली, तेव्हा त्यानं आपली फियाट अण्णांना दिली. शंकर तेव्हा मॅट्रिकला दोनदा आपटून नुकताच वाडीत उतरला होता. नापास मुलाचं काय करावं या काळजीत अण्णा होते, आणि तेवढ्यात दारात गाडी आली. शंकरनं तिचं बॉनेट उघडलं आणि अण्णांची काळजी मिटली. अर्थात दुसरी सुरू झाली, कारण शंकर त्या बॉनेटमधून पुढची चाळीस वर्षं काही बाहेर आलाच नाही.

तसा तो वाईट बागायतदार नव्हता. केळीचा घड कधी उतरवायचा हे त्याला बरोबर कळायचं. पण जीव गाडीत. नव्वद सालानंतर बिल्डर लोक वाड्या विचारत फिरू लागले, तेव्हा शंकर त्यांना प्रेमानं गाडीत बसवायचा, अर्नाळ्यापर्यंत फिरवून आणायचा आणि वाटेत कार्ब्युरेटरवर असा काही बोलायचा की वाडीचा विषय निघायचाच नाही. परत कुणी आलं नाही. आळीची हिरवळ टिकली ती त्या कार्ब्युरेटरमुळे, असं आजही काही जण म्हणतात.

एकदा वांद्र्याहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन माणूस आला होता. त्यानं फियाटला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, "राऊतसाहेब, लाखात एक. एव्हरीथिंग ओरिजिनल!" झालं. शंकरच्या तोंडी ते दोन शब्द बसले ते बसलेच. पाहुणा येवो, पोस्टमन येवो, मतं मागायला उमेदवार येवो, त्याला गाडीपाशी नेऊन सांगायचं, "एव्हरीथिंग ओरिजिनल." सांगून सांगून ते त्याला स्वतःलाच इतकं पटलं की त्यात काही कमीजास्त असेल हा विचारच त्याच्या डोक्यातून गेला.

शंकरच्या शेजारी सॅन्टन लोपीसची वाडी. दोन वाड्यांच्या मध्ये एक विहीर, अर्धी याची, अर्धी त्याची. दोघं एकाच वयाचे आणि एकाच शाळेत नापास झालेले. शंकर बोलका, सॅन्टन मुका नव्हता एवढंच. पण सॅन्टनच्या हातात एक कसब होतं आणि त्याच्यासाठी त्याला पार आगाशीपासून बोलावणं यायचं.

वाडीतलं नारळाचं झाड म्हातारं झालं, कलायला लागलं, आणि खाली कुणाचं घर असलं, की ते नुसतं तोडून चालत नाही. शेंड्याला दोन जाड दोर बांधावे लागतात. पुढचा दोर ओढायला कुणीही चालतं, गावात रिकामे हात पुष्कळ असतात. मागचा दोर धरायला मात्र माणूस लागतो. झाड निघालं की थोडी ढील द्यायची, पुन्हा आवळायचं, पुन्हा थोडी ढील. असं करत करत ते आख्खं खोड कौलं चुकवून जमिनीवर निजवायचं. सॅन्टनच्या हातून कधी एक कौल फुटलं नव्हतं.

सॅन्टनला एकच मुलगी, पॉलिन. लहानपणी ती स्वतःच्या घरात कमी आणि शंकरच्या फियाटमध्ये जास्त असायची. स्टिअरिंग धरून तोंडानं आवाज काढत तिनं त्या उभ्या गाडीतून सगळं जग पालथं घातलं होतं. पहिलीत असताना तिनं शंकरला विचारलं, "काका, माझ्या लग्नात हीच गाडी ना?" शंकर म्हणाला, "हीच. शब्द." आणि तिनं त्याच्याकडून चर्चच्या दिशेला हात करून शपथही घेववली. हिंदू माणसानं चर्चकडे हात करून घेतलेली शपथ चालते का, यावर तेव्हा विहिरीवर बरीच चर्चा झाली होती.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात पॉलिनचं लग्न ठरलं. मुलगा गिरीजचा, दुबईत नोकरीला. लग्नानंतर लगेच तो तिला घेऊन जाणार होता. मुलाच्या एका मित्राकडे मोठी पांढरी एसी गाडी होती, ती नवरीसाठी पाठवतो असा निरोप आला. पॉलिननं उलट निरोप धाडला, "माझी गाडी ठरलेली आहे. मी पहिलीत असताना."

हे ऐकून शंकरची छाती अशी फुगली की द्वारकानं त्याला शर्टाचं बटण आधी शिवून घ्यायला सांगितलं.

आणि नेमकं तेव्हाच ब्रेकनी दगा दिला. शंकर द्वारकाला घेऊन निर्मळला गेला होता. तळ्याच्या वळणावर त्यानं पेडल दाबलं, तर ते थेट खाली टेकलं आणि तिथेच राहिलं. गाडी सावकाश, मोठ्या अदबीनं, एका भाजीवाल्याच्या रिकाम्या टोपल्यांत शिरून थांबली. कुणाला काही झालं नाही. द्वारका उतरली, पदर खोचला आणि चालत घरी आली. संध्याकाळी तिनं एवढंच सांगितलं, "सॅन्टनच्या पोरीला ब्रेकशिवाय या गाडीत बसवलंत, तर मी चाकासमोर आडवी पडेन."

गोखिवऱ्याहून मिस्त्री आला. संगमेश्वरकडचा होता, हातात कला होती आणि बोलण्यात घाई. त्यानं चाकं काढली, आत डोकावला. "काका, सिलिंडर गळतायत, लायनर संपलेत. टॅक्सीचं सामान बसवतो, संध्याकाळी गाडी रस्त्यावर."

"टॅक्सीचं?" शंकरनं असं विचारलं की मिस्त्रीच्या हातून पाना सुटला. "अरे, ही गाडी काय चर्चगेटला भाडी मारते? एव्हरीथिंग ओरिजिनल हाय हिच्यात!"

"माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या फियाटला टॅक्सीचंच बसतं, काका."

"ही प्रत्येक नाय."

मिस्त्रीनं खांदे उडवले. सामान आलं की बोलवा म्हणाला आणि गेला.

आता ओरिजिनल सामान मिळायचं कुठं? शंकरचा मुलगा मितेश अंधेरीला एका कंपनीत कामाला होता. घरी त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि इंटरनेट जोडलं होतं. दोन-तीन संध्याकाळी शोधून त्याला इंग्लंडमधला एक दुकानदार सापडला. तो फक्त जुन्या फियाटचेच भाग विकत होता. पडद्यावर छप्पनच्या मॉडेलचे ब्रेक शू आणि सिलिंडर पाहून शंकरच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुकानदार सज्जन निघाला. पैसे घेण्याआधी त्यानं ईमेलनं विचारलं, की इतक्या वर्षांत गाडीचे ड्रम, म्हणजे चाकांच्या आतली ब्रेकची भांडी, किंवा ॲक्सल कधी बदलले आहेत का? शक्य असेल तर ड्रम आतून मोजून कळवा.

"बाबा, मोजूया ना," मितेश म्हणाला. "टेप आणू?"

शंकरला तो अपमान वाटला. बागायतदाराची रीत अशी, की ज्याच्यावर संशय असतो तेच मोजायचं. हद्दीचा बांध मोजावा, व्यापाऱ्याचा काटा मोजावा. घरच्या माणसाला कुणी माप लावतं का? "लिही त्याला," तो म्हणाला, "एव्हरीथिंग ओरिजिनल. वन ओनर पारशी जंटलमन, देन राऊत फॅमिली." मितेशनं लिहिलं. दुकानदाराचं उत्तर आलं, की अशा गाडीची आणि अशा मालकाची भेट झाली असती तर फार आनंद झाला असता. शंकरनं ते वाक्य मितेशकडून दोनदा वाचून घेतलं. द्वारका तेव्हा पलीकडे तांदूळ निवडत होती. तिनं एकदा मान वर केली, काहीतरी बोलणार होती, पण शंकर दुकानदाराला नंदाखालला बोलावण्याचा मजकूर सांगत होता, तेव्हा ती पुन्हा तांदळाकडे वळली.

पार्सल विमानातून मुंबईत आलं आणि तिथं अडकलं. एकदा हा कागद, एकदा तो. इकडे सॅन्टनच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले. सॅन्टन रोज विहिरीवरून एकच शब्द टाकायचा, "आलं?" शंकर म्हणायचा, "येतंय." मिस्त्रीला भावाच्या लग्नाला गावी जायचं होतं. तोही वाट पाहून शेवटी संगमेश्वरला गेला.

लग्न रविवारी दुपारी होतं. पार्सल आलं शनिवारी, उन्हं कलल्यावर.

शंकरनं ते देवासमोर ठेवून मगच उघडलं. आतलं सामान बघून मितेशसुद्धा हरखला. तेलकट कागदात गुंडाळलेले कोरे करकरीत शू, चकाकणारे सिलिंडर. "मिस्त्री नाय तर नाय," शंकर म्हणाला, "हे काम माझं मीच करतो." त्यानं पहिलं चाक काढलं, जुनं सामान उतरवलं आणि नवा सिलिंडर जागेवर धरला. त्याची भोकं एकीकडे आणि गाडीची दुसरीकडे. उलटा धरला, तरी तेच. शू लावून ड्रम वर चढवला तर शू आत खुळखुळायला लागले. पोराच्या पायात बापाची चप्पल घातल्यासारखे. दुसऱ्या चाकाला तेच, तिसऱ्याला तेच.

"फसवलं," शंकर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "गोड बोलून फसवलं. चुकीचं सामान पाठवलं त्यानं."

"बाबा, पाकिटावर नंबर बरोबर आहे. मॉडेल पण सेम आहे."

द्वारका चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"बसत नाय?"

"बसेल. जरा घासावं लागेल."

"कसं बसेल? हे फियाटचं हाय ना?"

"मग काय ट्रॅक्टरचं?"

"आपले ब्रेक टॅक्सीचे हायेत," द्वारका म्हणाली.

मितेशनं पाना खाली ठेवला.

"हेमालीच्या वेळेला," ती म्हणाली. हेमाली त्यांची थोरली मुलगी, लग्न होऊन डहाणूला गेलेली. "मना सातवा लागला होता. माहेराहून येताना बोळींजला ब्रेक आवळले ते सुटेचनात. मग अण्णा कुर्ल्याला गेले आणि भंगारातल्या टॅक्सीची चारी चाकांच्या आतली सगळी भांडी पोत्यात घालून घेऊन आले. ते पोतं ठेवलं माझ्या नव्या चटईवर. काळं तेल लागलं ते आजपर्यंत गेलं नाय. थांबा, दाखवते."

आणि ती खरंच माळ्यावरून चटई काढून घेऊन आली. मधोमध ताटाएवढा काळा डाग. शंकरनं तो डाग पाहिला आणि त्याला सगळं आठवलं. पोत्याचा वास, अण्णांचं "कुणाला सांगू नको रे, गाडीची किंमत जाईल" म्हणणं, आणि स्वतः खाली निजून आवळलेले बोल्ट. म्हणजे इंग्लंडचं सामान बरोबर होतं. गाडी जन्मली तेव्हा जशी होती, तिच्यासाठी अगदी बरोबर होतं.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मना विचारलं कुणी? तुमचं एव्हरीथिंग ओरिजिनल चाललेलं. मना वाटलं, एव्हरीथिंगमध्ये ब्रेक येत नसतील."

मितेशला हसू फुटलं. शंकर मात्र हसला नाही. त्याला फार वाईट वाटलं. गोखिवऱ्याचा मिस्त्री जे सामान संध्याकाळपर्यंत बसवून देत होता, ते सोडून त्यानं स्वतः आपल्या तोऱ्यापायी सातासमुद्रापलीकडून चुकीचं मागवलं होतं, आणि त्या तोऱ्याची किंमत सॅन्टनची पोर चुकवणार होती.

रविवारी सकाळी मितेश मोटरसायकल घेऊन निघाला. माणिकपूरला सामानाच्या दुकानांची शटर खाली. गोखिवऱ्याला मिस्त्रीच्या गॅरेजला कुलूप, आणि संगमेश्वरात त्याचा फोन लागेना. मितेश हात हलवत परत आला. तोपर्यंत शंकरनं जुनं गळकं सामान जसं होतं तसं पुन्हा चढवून ठेवलं होतं. गाडी चालत होती. फक्त थांबत नव्हती.

शेवटी तो धुतलेला शर्ट घालून सॅन्टनच्या मांडवात गेला. आयुष्यात इतकं जड पाऊल त्यानं कधी टाकलं नव्हतं. सॅन्टनची बायको मार्गारेट मोठ्या टोपातल्या रश्शाची चव बघत होती. सॅन्टन खुर्च्या मोजत होता. शंकरनं कुणाची वाट न पाहता सगळं एका दमात सांगून टाकलं, इंग्लंडपासून चटईपर्यंत. "माझा शब्द गेला," तो म्हणाला. "त्या एसी गाडीला निरोप धाड, सॅन्टन. अजून वेळ हाय."

तेवढ्यात खिडकीतून पॉलिनचा आवाज आला. तिच्या केसांना ठिकठिकाणी चिमटे लावलेले होते आणि ती पोट धरून हसत होती. "काका, तुम्ही इंग्लंडच्या माणसाला खोटं सांगितलंत?"

"खोटं नाय गं. मना खरंच तसं वाटत होतं."

"बँडच्या पुढे जाणार होती का गाडी? बँड चालणार, त्याच्यामागे गाडी चालणार. इंजिन कशाला पाहिजे? ओढत न्या. मी दुसऱ्या गाडीत बसणार नाही."

आपल्या भागात वरात म्हणजे बँडची चाल. बँड म्हणजे म्हातारे सनईवाले आणि घामाघूम ढोलवाले, त्यांच्या पुढे कुठली गाडी जाते? पोरं लगेच तयार झाली. पण शंकरनं मान हलवली. "आणि मोरीचा उतार? हँडब्रेक तर कधीचा गेलाय."

चर्चच्या अलीकडे ओढ्यावर मोरी होती, आणि तिच्या पलीकडे रस्ता एकदम खाली जायचा. शेवटी वळण, आणि वळणावर दगडी क्रूस. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते आलं.

सॅन्टननं खुर्ची खाली ठेवली. गोठ्याच्या भिंतीवर त्याचा झाडं पाडायचा दोर खुंटीला टांगलेला होता. तो चालत गेला आणि दोर उतरवून खांद्यावर घेऊन आला.

"मागचा दोर मी धरतो," तो म्हणाला.

"अहो, तुम्ही नवरीचे बाप," मार्गारेट म्हणाली. "तुम्ही गाडीत बसायचं हाय तिच्याशेजारी. सूट शिवलाय."

"गाडीत बसून ब्रेक लागत नाय," सॅन्टन म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

द्वारकानं दोराची गाठ स्वतः दोनदा ओढून बघितली. मग शंकरला म्हणाली, "मी पुढे बसते. आडवी पडायचं ठरवलं होतं, त्यापेक्षा हे बरं."

दुपारी फियाट सॅन्टनच्या दारात उभी राहिली. बॉनेटवर झेंडूच्या आणि पांढऱ्या फुलांच्या माळा, पुढे एक दोर, मागे एक दोर. पॉलिन पांढऱ्या झग्यात बाहेर आली. तिनं खिडकीतून हात घातला आणि हॉर्न दाबला, तो चांगला लांबलचक. बायका ओट्यांवर आल्या. पुढच्या दोराला मितेश आणि त्याचे मित्र होते. नवरीला न्यायला गिरीजहून आलेले नवऱ्याचे दोस्तही बाह्या सरसावून त्यांना मिळाले. मागे एकटा सॅन्टन. नव्या काळ्या सुटात, हातांना फडकी गुंडाळून.

बँड वाजू लागला आणि गाडी हलली. वसई तालुक्यात तेवढी हळू वरात त्याआधी गेली नसेल. ज्यांना गाडीशी देणंघेणं नव्हतं तेही चालता चालता हात लावू लागले. मागच्या सीटवर पॉलिन आणि मार्गारेट हसत होत्या, द्वारका लोकांना "बाजूला व्हा, ब्रेक नाय!" असं ओरडून सांगत होती, आणि शंकर स्टिअरिंग धरून घामानं भिजला होता. आरशात त्याला सॅन्टन दिसत होता. दोर सैल होता आणि सॅन्टन देवाची मिरवणूक असावी तसा शांतपणे मागून चालत होता.

मोरी आली. पुढची पोरं बाजूला झाली. गाडीनं नाक खाली केलं आणि ती स्वतःच निघाली. शंकरचा पाय सवयीनं पेडलवर गेला आणि पेडल खाली टेकलं. बँडवाले वाजवत वाजवतच पळाले. दगडी क्रूस काचेत मोठा होऊ लागला. आणि मग मागून एक हिसका बसला, हलका, आणि गाडी जणू कुणी खांद्याला धरल्यासारखी थबकली.

शंकरनं आरशात बघितलं. सॅन्टन मागे रेलला होता, टाचा मातीत रुतवून, दोर कमरेभोवती घेऊन. त्याचे ओठ हलत होते. शंकरला ऐकू येत नव्हतं, पण ते काय आहे हे त्याला माहीत होतं. झाड पाडताना सॅन्टन स्वतःशीच पुटपुटायचा, ढील, ढील, बास. ढील, बास. गाडी हातभर पुढे गेली, थांबली, पुन्हा हातभर. असं करत करत सॅन्टननं आपली मुलगी तो आख्खा उतार उतरवली. क्रूसापाशी वळण घेताना एक फूलसुद्धा माळेतून गळलं नाही.

चर्चच्या पायऱ्यांसमोर गाडी टेकली. मितेशनं चाकांना लाकडाच्या पाचरी लावल्या. टाळ्या पडल्या, बँडनं पुन्हा जोर धरला. शंकर उतरला. सॅन्टनला मिठी मारायची म्हणून तो मागे गेला आणि तिथंच थांबला.

गाडी उभी होती. चाकांना पाचरी होत्या. आणि दोर अजून ताणलेलाच होता.

सॅन्टन तसाच मागे रेलून उभा होता. सूट गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला. डोळे गाडीच्या मागच्या काचेवर, जिथून पांढऱ्या झग्याचा थोडासा भाग दिसत होता.

"सॅन्टन, सोड आता," शंकर म्हणाला.

सॅन्टननं ऐकलं नाही. शंकरला चार वर्षांपूर्वीची आठवण झाली. हेमालीला मांडवात नेताना तो हीच गाडी चालवत होता आणि अर्ध्या वाटेत द्वारका शेजारून हळूच म्हणाली होती, "पाय काढा हो ब्रेकवरून, मुहूर्त टळेल." त्याला तोपर्यंत कळलंच नव्हतं, की पाय ब्रेकवर आहे. त्यानं सॅन्टनला पुन्हा सोड म्हटलं नाही. तो त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोराचं शेपूट आपल्या हातात घेतलं. दोघं म्हातारे एका उभ्या गाडीला धरून उभे राहिले. भर गर्दीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

मग पॉलिनच गाडीतून उतरून, झगा उचलून मागे आली. तिनं बापाच्या हातांची फडकी सोडली, एक, मग दुसरं. "पप्पा, चला," ती म्हणाली. "आतपर्यंत तुम्हीच न्यायचं आहे."

सॅन्टननं तिच्या हातात हात दिला. दोर शंकरच्या हातात राहिला. त्यानं तो नीट गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि त्या दोघांच्या मागून पायऱ्या चढला.

मिस्त्री गावाहून परत आल्यावर त्यानं टॅक्सीचं सामान आणलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून दिलं. "काका, मी म्हटलं होतं," एवढं म्हणायची मुभा शंकरनं त्याला दिली. इंग्लंडच्या दुकानदाराला मितेशनं सगळी हकिगत लिहून कळवली. त्यानं सामान परत घेतो म्हणून लिहिलं, पण शंकरनं ते ठेवून घेतलं. ते कोरे शू आजही त्याच्या काचेच्या कपाटात आहेत, हेमालीच्या बक्षिसाच्या कपांच्या शेजारी. डागाची चटईही आता माळ्यावर नाही. द्वारकानं ती गाडीत सीटखाली पसरली आहे, आठवण राहावी म्हणून.

पॉलिन दुबईहून सुट्टीला आली की आधी गाडीत बसते, मग घरात जाते. आणि अजूनही कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन फियाटला प्रदक्षिणा घालून विचारतो, "एव्हरीथिंग ओरिजिनल?"

"ब्रेक सोडून," शंकर म्हणतो. "ब्रेक टॅक्सीचे हायेत. त्याच्याआधी एक दिवस सॅन्टनचे होते. तसे परत नाय मिळायचे." मग तो विहिरीकडे वळून हाक मारतो, आणि पलीकडून सॅन्टन, कुणी काही विचारलेलं नसताना, नुसतं हात वर करून दाखवतो.